सहा मिलिमीटरचा लांडगा

"कपाळ जरा चपटं करा."

"कुणाचं?"

"लांडग्याचं, बाई! आणखी कुणाचं?"

"लांडगा कुठाय इथे? हा कुत्रा आहे."

"हळू बोला हो!" संचालकांनी मागे वळून दार लोटलं आणि खिडकी लावायला निघाले.

"खिडकी राहू दे. उजेड लागतो मला. आणि दारं-खिडक्या लावून कुत्र्याचा लांडगा होत नाही, साहेब."

"दात किती आहेत याला?"

"बेचाळीस."

"आणि लांडग्याला? बेचाळीसच! वाचून आलोय मी. काय समजलात?"

"तुम्हाला दात किती, साहेब?"

"मला? बत्तीस असतील की."

"मलाही बत्तीस. म्हणून मला कुणी संचालक म्हणून सलाम ठोकत नाही."

संचालकांची जीभ तोंडातल्या तोंडात दाढांवरून फिरून आली. मोजणी बत्तीसपर्यंत पोचली नसावी, कारण त्यांनी विषय बदलला.

"बरं, निदान चित्रात तोंड तरी उजवीकडे वळवा. डावीकडे वळलेला म्हणजे मागे बघतोय असं वाटतं. आपल्या म्युझियमचं शंभरावं वर्ष आहे. पुढे बघणारा हवा."

"ही कवटी आहे. तिला डोळे नाहीत. ती कुठेच बघत नाही."

"तुम्ही फार वाकड्यात शिरता बाई!"

"मी नाही शिरत. कर्कटक शिरतं." बाईंनी कंपासपेटीतलं ते दोन टोकांचं अवजार उचलून कवटीच्या कपाळावर टेकवलं. "हे बघा. नाकाचं हाड इथे संपतं आणि कपाळ इथे एकदम वर चढतं. पायरी आहे ही. लांडग्याला अशी पायरी नसते, त्याचा उतार असतो. आणि हा डोळ्याच्या खोबणीचा कोन. लांडग्याचा पंचेचाळीसच्या आतबाहेर, कुत्र्याचा पन्नासच्या पुढे. हा चोपन्न भरलाय. तीनदा मोजलाय."

"चौथ्यांदा मोजा."

"चौथ्यांदा मोजला तर तो लाजून कमी होईल का?"

यावर संचालक काहीतरी म्हणणार होते, पण त्यांचं लक्ष दाराखालच्या फटीकडे गेलं. तिथे कुणाच्या तरी चपला दिसत होत्या. कान लावून उभ्या असलेल्या माणसाच्या चपला कशा, अगदी जवळजवळ आणि स्थिर असतात.

ज्या बाईंशी हे भांडण चाललं होतं त्यांना सगळं म्युझियम 'कवटीबाई' म्हणायचं. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ वळली की पुढे 'कवटी' जोडायची. हे त्यांना माहीत नव्हतं अशातला भाग नाही. एकदा कँटीनवाल्याचा घोळ झाला आणि तीन बायांचे चहा एकमेकींकडे गेले, तेव्हा त्यांनीच काउंटरवरून हाक दिली होती, "अहो, कवटीबाईंचा बिनसाखरेचा!" कँटीनवाल्याने गडबडून त्यातही साखर घातली होती.

हे म्युझियम प्राण्यांचं. खालच्या मजल्यावर पेंढा भरलेले, मधल्या मजल्यावर बाटल्यांतले आणि सगळ्यात वर, जिन्याच्या शेवटच्या वळणाला, कवटीबाईंची खोली. एक उत्तरेची खिडकी, एक उतरतं टेबल, एक भिंग, पाण्याची दोन भांडी आणि चुंबळ. डोक्यावर ओझं घेताना कपड्याची गुंडाळी ठेवतात ना, तशी. बाईंच्या चुंबळीवर कवटी बसायची. घरंगळायची नाही, डुलायची नाही, आठवडेच्या आठवडे एकाच जागी शहाण्यासारखी बसून राहायची. "माणसाचं चित्र मी काढत नाही," बाई म्हणायच्या. "सारखा नाक पुसतो."

कामाची त्यांची रीत ठरलेली. कवटीचं तोंड डावीकडे. उजेड डावीकडून, वरच्या बाजूने. म्हणजे सावली नेहमी उजवीकडे, खाली. जगात कुठलाही माणूस अशी दोन चित्रं शेजारी ठेवील तेव्हा त्याला खड्डा कुठला आणि उंचवटा कुठला ते न विचारता कळायला हवं. कर्कटकाने माप, मग पिसासारखी पेन्सिल, मग जलरंगाचा इतका फिका हात की कागद नुसता ओला झालाय असं वाटावं. तो वाळला की दुसरा. तो वाळला की तिसरा. काळा रंग त्यांच्या पेटीत नव्हता. खोल भोकं बाई निळ्यात तपकिरी मिसळून भरायच्या. पांढराही नव्हता. दाताच्या टोकावरची चमक म्हणजे तिथे मोकळा सोडलेला कागद. तेवढा टाचणीच्या डोक्याएवढा कागद कोरा ठेवण्यासाठी बाई श्वास धरून बसायच्या, आणि त्या वेळी कुणी दार वाजवलं तर आतून जो शब्द यायचा तो या वयाच्या बाईच्या तोंडी शोभणारा नव्हता.

एकतीस वर्षांपूर्वी त्या इथे आल्या होत्या खोक्यांवर चिठ्ठ्या लिहायला. अक्षर चांगलं होतं, एवढीच पात्रता. तेव्हाच्या जुन्या साहेबांनी एक दिवस त्यांच्यापुढे अंडं ठेवलं. "काढा. तासाभराने येतो." आले तेव्हा चित्रात अंड्याच्या बुडाशी केसाएवढी चीर होती. जुन्या साहेबांनी चित्र पाहिलं, अंडं पाहिलं, भिंग आणून पुन्हा अंडं पाहिलं.

"ही चीर मला दिसली नव्हती."

"मलाही उशिरा दिसली. मग सगळं खोडून परत काढलं."

"उद्यापासून चिठ्ठ्या दुसरं कुणी लिहील," जुने साहेब म्हणाले. आणि एकच नियम घालून दिला. दात मोजल्याशिवाय चहा नाही. "माणूस चहा प्यायला की हुशार होतो, आणि हुशार माणूस न मोजताच आकडा सांगतो."

जुने साहेब गेले, त्यांच्यानंतरचे तीन साहेब गेले, पण नियम राहिला. कवटी चुंबळीवर आली की आधी दात मोजायचे, आकडा चित्राच्या समासात पेन्सिलने लिहायचा, तुटका-झिजका असेल तर तेही लिहायचं आणि मग कँटीनकडे वळायचं. कोल्हा असला की पंधरा मिनिटांत चहा. चिचुंद्री आली की दुपार व्हायची.

या सवयीचे घरी भोग होते. घरात आई, दादा आणि वहिनी. दादाने एकदा आपल्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांना जेवायला बोलावलं होतं. बढतीचा मामला. कवटीबाईंना बजावून ठेवलं होतं की तू काही बोलू नकोस, नुसतं हस. त्या पाऊण तास हसल्या. मग मोठे साहेब तोंड भरून घास चावत असताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, तुमच्या गालाच्या हाडाची कमान काय सुंदर आहे हो! आणि खालचा जबडा असा भक्कम! असा मी फक्त तरसात पाहिलाय."

दादाची बढती पुढच्या वर्षी झाली. वहिनी मात्र अजून पाहुण्यांना सांगते, "आमच्या वन्सं पेंटिंग करतात." कशाचं, असं कुणी विचारलं की, "निसर्गाचं."

आणि आई. आईचं वय पंच्याऐंशी, दृष्टी अधू, जीभ शाबूत. म्युझियमचं नवं पुस्तक निघालं की कवटीबाई एक प्रत घरी आणायच्या आणि आई आपलं घडीचं भिंग घेऊन पहिल्या पानापासून सुरुवात करायची.

"यात तू कुठेस?"

"ही सगळी चित्रं माझी, आई. ही, ही, ही पण."

"ते कळलं. नाव कुठाय?"

नाव कुठेच नसायचं. ज्याने कवट्यांवर लिहिलं त्या शास्त्रज्ञाचं नाव असायचं, छापणाऱ्याचं असायचं, बांधणी करणाऱ्याचं असायचं. एकदा तर आभाराच्या पानावर ज्याच्या गोदामात पुस्तकं ठेवली त्याचंही होतं. शेवटी लिहिलेलं असायचं, 'आणि इतर'.

"इतरांत आहे मी."

"इतर म्हणजे तू?"

"हो."

"अगो बाई. आणि मी तुझं चांगलं बारसं-बिरसं करून नाव ठेवलं." त्या दिवसापासून आईने हाक बदलली. "इतर, पाणी आण. इतर, तो पंखा लाव. इतर, माझं भिंग कुठे टाकलंस?" घरात सगळे हसायचे, कवटीबाईही हसायच्या. पण दर पुस्तकाला भिंग पहिल्या पानावर जायचंच, आणि आभाराच्या पानाशी आलं की आई ते शांतपणे मिटून चष्म्याच्या डबीशेजारी ठेवायची. हसायला काही नसायचं तेव्हा.

तर आता म्युझियमला शंभर वर्षं होणार होती आणि जाडजूड पुस्तक निघणार होतं. मुखपृष्ठावर काय, यावर वाद नव्हताच. नंबर एकचा लांडगा.

संस्थापकांनी म्युझियम सुरू केलं ते या कवटीपासून. दारात त्यांचा दगडी पुतळा, आणि पुतळ्याखाली कोरलेलं, 'निःशस्त्र अवस्थेत, केवळ एका काठीनिशी, रानातील उन्मत्त लांडग्यास लोळविणारे'. म्युझियमच्या पत्रांवर लांडगा, कपांवर लांडगा, पहारेकऱ्याच्या टोपीवर लांडगा. दालनाच्या भिंतीवर मोठं चित्र होतं, त्यात संस्थापक काठी उगारून उभे आणि लांडग्याचा आ इतका वासलेला की त्यात संस्थापक टोपीसकट मावले असते. खुद्द कवटी काचेच्या कपाटात, कुलपात. शंभर वर्षांत ती कुणी बाहेर काढली नव्हती. सगळे नमस्कार करून पुढे जायचे.

ती मुखपृष्ठासाठी बाहेर निघाली आणि चुंबळीवर आली. बाईंनी दात मोजले. बेचाळीस. पण त्या दिवशी चहाला त्या गेल्या नाहीत. भिंग घेऊन बसून राहिल्या, आणि मग जिना उतरून मागच्या शेडकडे गेल्या, हाडमामांकडे.

हाडमामा कवट्या साफ करायचे. त्यांच्याकडे मांस खाणारे किडे पाळलेले होते. हाडावरचा शेवटचा कण ते खाऊन टाकायचे. मामा त्यांना 'माझी पोरं' म्हणायचे. मामांच्या अंगाच्या वासामुळे कँटीनमध्ये त्यांना नेहमी आख्खं टेबल मिळायचं.

"मामा, जरा सुळे बघा."

मामांनी कवटी हातात घेतली, उलटी केली, नखाने सुळ्याच्या मागच्या कडेवरून रेघ ओढली.

"मागून झिजलाय."

"चारही."

"हाडं फोडून सुळा टोकाला झिजतो. मागून झिजतो तो लोखंड ओढून ओढून. पिंजऱ्याचे गज, नाहीतर साखळी." मामांनी कवटी कानाशी नेली, जणू आतून काही ऐकू येणार होतं. "वर्षानुवर्षं चावत होता बिचारा. हे कुणाचं कुत्रं?"

"नंबर एक."

मामांनी कवटी गरम भांडं ठेवावं तशी पटकन बाईंच्या हातात दिली. "मी काही बघितलं नाही हं बाई. माझी नजर गेलीय. पोरांना विचारा. पोरांनीही काही बघितलं नाही."

म्हणजे संस्थापकांनी लोळवलं होतं ते बांधलेलं कुत्रं. रानातलं नाही, कुणाच्या तरी अंगणातलं. बाईंनी यातलं काही कुणाला सांगितलं नाही. तीन आठवडे बसून त्यांनी जे दिसलं ते काढलं. कपाळाची पायरी, चोपन्न अंशांचा कोन आणि सुळ्यांच्या मागच्या कडेला ती चकाकणारी, सपाट झालेली जागा, जिथे कागद कोरा सोडावा लागला. समासात लिहिलं, 'दात ४२. चारही सुळे मागून झिजलेले.' आणि चित्र संचालकांकडे पाठवलं.

इथून ते भांडण सुरू झालं होतं.

आता संचालकांबद्दल. ते आधी एका मोठ्या हॉटेलात व्यवस्थापक होते. म्युझियम बघायला येणाऱ्यांना ते 'गेस्ट' म्हणायचे. पाणघोड्यासमोर त्यांनी 'सुस्वागतम्' लिहिलेलं पायपुसणं टाकलं होतं, आणि गिधाडाशेजारी प्लॅस्टिकची फुलं. माणूस दुष्ट नव्हता. गेस्ट नाराज होऊन जाऊ नये, एवढंच त्यांना आयुष्यात कळलेलं होतं. आणि शंभराव्या वर्षाचे सगळ्यात मोठे गेस्ट होते संस्थापकांचे नातू. पुस्तक त्यांच्या हातात जाणार होतं.

भांडणाच्या तिसऱ्या दिवशी संचालकांनी समिती बोलावली. समितीत चार जण. एक शास्त्रज्ञ, एक ग्रंथपाल, एक इमारतीची देखभाल बघणारे आणि स्वतः संचालक. कवटीबाईंना दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं.

"डॉक्टर, तुम्ही बोला," संचालक म्हणाले. "लांडगा की कुत्रा?"

शास्त्रज्ञांनी कवटीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ छताच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "माझा विषय कोळी आहे," ते म्हणाले.

"पण ढोबळमानाने?"

"ढोबळमानाने याला पाय कमी आहेत."

देखभालवाले म्हणाले, "पायरी आहे म्हणता ना? मग घासून सपाट करू. दोन दिवसांचं काम."

"कवटी नाही हो, चित्र!" ग्रंथपाल बाई दचकल्या.

"मग तर एका दिवसाचं."

"माझी सूचना आहे," संचालक म्हणाले, "की सुवर्णमध्य काढू. पूर्ण लांडगा नको, पूर्ण कुत्रा नको. किती कमी केलं तर चालेल बाई?"

"काय किती?"

"कपाळ."

"साहेब, हा कपड्याचा कमरेचा घेर आहे का, आत घ्यायला?"

"आकडा सांगा ना. पाच? सहा?"

दुसऱ्या दिवशी टेबलावर कागद आला. 'विषय क्र. ४ : मुखपृष्ठावरील कवटीचे कपाळ. सविस्तर चर्चेअंती सदर कपाळ सहा मिलिमीटरने कमी करण्यास बहुमताने मान्यता देण्यात आली. तसेच सुळे पूर्ववत करण्यात यावेत. संबंधितास कळविण्यात यावे.'

बाईंनी कागद दोनदा वाचला आणि कवटीसमोर भांड्याला टेकवून उभा ठेवला. संचालक जिना चढून विचारायला आले, "मिळालं का पत्र?"

"मिळालं. संबंधिताला कळवलं. अजून काही हललं नाही."

संचालकांना राग आला नाही. हॉटेलात तीस वर्षं काढलेला माणूस. रागावलेल्या गेस्टपुढे मिठाई कधी ठेवायची ते त्यांना बरोबर माहीत होतं. त्यांनी बगलेतली गुंडाळी काढून टेबलावर उलगडली. मुखपृष्ठाचा नमुना. वर 'शौर्याची शंभर वर्षे'. मध्ये लांडग्यासाठी मोकळी जागा. खाली, 'चित्र :' आणि पुढे कवटीबाईंचं पूर्ण नाव. आडनावासकट. पुस्तकाच्या नावाच्या निम्म्या उंचीचं.

बाईंच्या हातातला ब्रश पाण्याच्या भांड्यात पडला. तोही चुकीच्या, स्वच्छ पाण्याच्या.

"तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त होणार," संचालक मवाळ आवाजात म्हणाले. "एकतीस वर्षं, बाई. एकदा तरी यायला नको का? फक्त सहा मिलिमीटर. घरी दाखवा हे. आईंना दाखवा."

आईबद्दल त्यांना कुणी सांगितलं असेल? कँटीनमध्ये सगळंच कळतं.

बाईंनी दाखवलं. आई भिंग घेऊन एकेका अक्षरावर थांबत गेली, आणि आडनावाशी पोचल्यावर परत पहिल्या अक्षरावर आली. "बघ," ती वहिनीला म्हणाली, "मोठं आहे. भिंगाशिवाय पण दिसतंय. म्हणजे मला नाही, पण दिसतंय." नमुना तिने उशीखाली ठेवला. संध्याकाळी शेजारीण आली, तर उशीखालून काढून तिला दाखवला. शेजारणीने मोठ्याने वाचला. आईने पुन्हा वाचायला लावला.

तेव्हा कवटीबाईंनी तिला सगळं सांगितलं. कुत्रा, साखळी, समिती, सहा मिलिमीटर.

"मग?" आई म्हणाली.

"मग काय? ते खोटं आहे."

"कुत्रा असो नाहीतर लांडगा, मेलाय ना तो? शंभर वर्षं झाली. मी अजून जिवंत आहे." आईचा आवाज चढला. "एकतीस वर्षं भिंग घेऊन शोधतेय मी. त्या गोदामवाल्याचं नाव सापडलं, तुझं नाही. आणि आता आलंय तर तुला सहा मिलिमीटर जड झालं? केवढे असतात गं सहा मिलिमीटर?"

बाईंनी बोटांच्या चिमटीत दाखवले.

"एवढ्यासाठी!" आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नवा कागद ताणून लावला. कवटी चुंबळीवर, तोंड डावीकडे, उजेड डावीकडून. पण या वेळी त्यांचे डोळे कवटीवर कमी आणि कागदावर जास्त होते. पायरी उतरवून उतार केला. खोबण तिरपी केली. सुळ्यांची मागची कड गोल, टोकदार, पूर्ववत. हात फिरत होता तो सवयीने, आणि सुंदर फिरत होता. दोन आठवड्यांत असा लांडगा तयार झाला की बघणाऱ्याने एक पाऊल मागे घ्यावं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं की समास कोरा आहे. त्या दिवसभरात त्यांनी चार वेळा चहा प्यायला होता.

त्यांनी दोन्ही चित्रं घरी नेली. आईने उजेडाकडे तोंड केलं, भिंग घेतलं. आधी जुनं चित्र, मग नवं. मग परत जुनं. एकतीस वर्षं तिचं भिंग लेकीच्या चित्रांवरून फिरत आलं होतं. तिला शास्त्र कळत नव्हतं, पण लेकीचा हात कळत होता.

"याच्या कपाळाखालची सावली कुठे गेली?"

"कपाळच नाही, तर सावली कुठली?"

"कपाळ कुठे गेलं?"

"समितीने घेतलं."

आईने भिंग मिटलं. उशीखालून नमुना काढला, त्याची गुंडाळी केली आणि लेकीच्या मांडीवर टाकली.

"मग नावही समितीचंच घाल. माझ्या मुलीचं कशाला?"

"आई, अगं तूच..."

"मी काय म्हणाले ते मला सांगू नकोस. मला हे वाचायचं नाही. जा, पाणी आण." आणि तिने नेहमीची हाक जोडली, "इतर."

बाई पाणी आणायला गेल्या त्या नळाखाली पेला धरून मध्येच थांबल्या. पेला भरून वाहायला लागला, तरी तशाच उभ्या होत्या. वहिनी म्हणाली, "अहो वन्सं, नळ!"

पुस्तक छापायला जाण्याच्या सकाळी त्या संचालकांच्या खोलीत गेल्या. हातात एकच चित्र, खांद्याला पर्स, बगलेत रंगांची पेटी आणि चुंबळ.

"वा!" संचालक खुर्चीतून उठले. "वा वा वा! हा लांडगा! बाई, अंगावर काटा आला हो. आणि ते दुसरं? ते फाडलंत ना?"

"ते जागेवर गेलं. नंबर एकच्या कपाटात, खालच्या खणात, कवटीच्या शेजारी. नोंदवहीत चढवलंय. नाव घालून."

"कुणाचं नाव?"

"माझं. आणि त्याचं. 'कुत्रा, पाळीव.'"

संचालकांच्या चेहऱ्यावरून एक ढग गेला. पण खालचा खण कोण उघडतो? नातू तर नक्कीच नाही. त्यांनी ढग पुढे जाऊ दिला. "बरं, असू दे. आता इथे सही करा. मोठे चित्रकार कोपऱ्यात करतात ना, तशी."

"मुखपृष्ठावरचं नाव आणि चित्रावरची सही जुळायला हवी ना, साहेब?"

"अर्थात! एकच माणूस, एकच नाव."

"मग तसं लिहून द्या छापखान्याला. चित्रावर जी सही असेल तेच नाव खाली छापा म्हणून. ऐनवेळी घोळ नको."

"किती बारीक लक्ष आहे तुमचं!" संचालकांनी कौतुकाने चिठ्ठी लिहिली, खाली सही केली, शिक्का मारला आणि बाहेर थांबलेल्या छापखान्याच्या माणसाला बोलावून तिथल्या तिथे त्याच्या हातात दिली. "चित्र घेऊनच जा. दोन मिनिटं थांब, सही होतेय."

बाईंनी पेटीतला सगळ्यात बारीक ब्रश काढला. निळ्यात तपकिरी मिसळला. लांडग्याच्या जबड्याखाली, उजव्या कोपऱ्यात, जिथे नेहमी सावली पडते तिथे, चिठ्ठ्या लिहायच्या त्या जुन्या वळणदार अक्षरात त्यांनी तीन अक्षरं काढली. रंग वाळेपर्यंत श्वास धरून बसल्या. मग ब्रश पुसला.

छापखान्याच्या माणसाने चित्र उचललं, चिठ्ठीशी ताडून बघायला डोळ्यांजवळ नेलं. "साहेब, खाली 'इतर' छापायचं का?"

"काय?"

"सही 'इतर' आहे."

संचालकांनी चित्र त्याच्या हातातून ओढून घेतलं. "इ... त... र. हे काय? बाई, हे इतर कोण?"

बाईंनी पेटी मिटली. चष्मा डबीत घातला, डबी पर्समध्ये.

"अहो, तुमचं नाव कुठाय? मी नमुना छापलाय तुमच्या नावाचा! नातवांना काय सांगू, कोण हे इतर? बाई, मी तुमच्याशी बोलतोय! कोण इतर?"

चुंबळ बगलेत मारून कवटीबाई बाहेर पडल्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं.